पहिला भाग न पाहिलेला माणूस

बिसेसरनं शेंगदाण्याची पुडी वळता वळता एकच प्रश्न विचारला. त्या प्रश्नापायी सेतारेकी मास्तरांची शाळेची सुट्टी, अंगातला शर्ट, मनगटावरचं घड्याळ आणि शास्त्रीय पद्धतीवरचा विश्वास या सगळ्या गोष्टी एकापाठोपाठ एक गेल्या.

"मास्तर, तुमचा हा माणूस इंजिन शोधतोय की बायको?"

प्रश्न सिनेमाबद्दल होता. मास्तरांनी 'बोटीची वाट, भाग दुसरा' नावाचा सिनेमा काढला होता आणि तो बिसेसरच्या हॉलमध्ये लागावा अशी त्यांची इच्छा होती. कथा सरळ होती. एका नावाड्याच्या बोटीचं इंजिन चोरीला जातं आणि तो ते शोधायला निघतो. शोधताना कुठे अडचण आली, की नावाड्याला आपली बायको आठवते, आणि पडद्यावर फ्लॅशबॅक येतो. अडचण म्हणायची कशाला याबाबत मास्तर जरा उदार होते. नावाड्याच्या पायात काटा रुतला, फ्लॅशबॅक. दुकानात साबण मिळाला नाही, फ्लॅशबॅक. एकदा तर नावाडी नुसता जांभई देतो आणि बायको येते.

"बायको पहिल्या भागातली आहे," मास्तर म्हणाले. "त्याला ती आठवते."

"आठवू दे की. पण माझ्याकडे येणारी माणसं कोण? बोटीची वाट बघत धक्क्यावर ताटकळलेली. सुवाकडची, कोरोकडची, लांबलांबच्या बेटांवरची. त्यांनी तुमचा पहिला भाग कुठे पाहिलाय? त्यांना वाटेल रीळ चुकून बदललं. गोंधळतील, आणि गोंधळलेला माणूस शेंगदाणे घेत नाही. फ्लॅशबॅक काढा, उद्या लावतो."

"मग पहिलाच भाग लाव."

"जुना माल? तो माझ्या बोकडानंसुद्धा पाहिलाय, मास्तर."

फ्लॅशबॅक काढणं शक्य नव्हतं, कारण त्यांत तोरिका होती.

तोरिका म्हणजे मास्तरांची बायको. पहिल्या भागात नावाड्याच्या बायकोचं काम तिनंच केलं होतं. सिनेमा तयार झाला त्याच वर्षी वादळात बिसेसरच्या हॉलचं छप्पर उडालं आणि सिनेमा मग गावोगाव, लग्नांत, चर्चच्या वर्गणीच्या जेवणांत, जिथे वीज असेल तिथे चादरीवर दाखवला गेला. तोरिका म्हणायची, "छप्पर बसलं ना, की बिसेसरच्या पडद्यावर मला बघायचंय. चादरीवर माझं नाक सुरकुततं." छप्पर बसायला वेळ लागला. तोरिका तोवर थांबली नाही. त्यालाही आता तीन वर्षं होत आली होती. मास्तरांनी दुसरा भाग का काढला, इंजिन का चोरीला नेलं, नावाड्याला इतकं विसरभोळं आणि इतकं आठवणारं का केलं, याचं एका वाक्यातलं उत्तर इतकंच, की तोरिका त्या पडद्यावर दिसायला हवी होती. बिसेसरला अर्थातच हे सांगण्यासारखं नव्हतं. शास्त्राच्या शिक्षकानं भावनेचा आधार घेतला, तर वर्गात काय तोंड दाखवायचं?

म्हणून मास्तर ताठ झाले. "फ्लॅशबॅकनं नवा प्रेक्षक गोंधळतो हे तुझं मत आहे, बिसेसर. मताला पुरावा लागतो. मी प्रयोग करतो. पहिला भाग न पाहिलेली माणसं आणतो, दुसरा दाखवतो, प्रश्न विचारतो. गोंधळली तर कापतो."

"आणि नाही गोंधळली तर?"

"तर तू लावायचा. न कापता."

बिसेसरनं पुडी पुढे केली. करार झाला.

प्रयोगाची पहिली अडचण अशी निघाली, की नाबुका बंदरात पहिला भाग न पाहिलेला माणूसच नव्हता. मास्तरांनी सकाळपासून शोध घेतला. पोस्टातला नवा कारकून? त्यानं आपल्या साखरपुड्यात पाहिला होता. नर्सबाईंनी पाहिला होता. धाकटा पाद्री तर पाठ म्हणून दाखवत होता. जेमतेम रांगणारी पोरं बाद ठरवावीत की नाही यावर मास्तर विचार करत होते, तेवढ्यात शेजारच्या माकेरेताबाई कुंपणावर रेलल्या.

माकेरेताबाईंना मास्तरांच्या घरातलं सगळं मास्तरांच्या आधी कळत असे. तोरिका गेल्यापासून त्यांनी मास्तरांना सल्ला देण्याचं काम अंगावर घेतलं होतं, आणि त्या कामात त्या कधीही रजा घेत नसत.

"मास्तर, असं दारोदार विचारत फिरलात तर लोकांना वाटेल डोक्यावर परिणाम झाला. चहा ठेवा. बाबाकाऊ तळा. खायला आहे म्हटलं की हवी तशी माणसं येतात."

"मला हवी तशी नकोत. न पाहिलेली हवीत."

"तशीच येतील म्हणते मी."

लिंबाच्या पानांचा चहा झाला. बाबाकाऊची, म्हणजे तळलेल्या गोडसर पावांची, परात भरली. आणि दुपारी शाळेच्या वर्गात न पाहिलेल्या माणसांची अशी गर्दी लोटली, की मास्तरांना क्षणभर आपल्या सिनेमाच्या प्रसाराबद्दल वाईट वाटलं. प्रत्येकानं शपथेवर सांगितलं, की बुवा, पहिला भाग म्हणजे काय तेही आम्हाला ठाऊक नाही. पोस्टाचा कारकूनही त्यात होता. सकाळी आपण खोटं बोललो, असं त्यानं फारच प्रामाणिकपणे कबूल केलं.

सिनेमा सुरू झाला. नावाडी दिसला मात्र, टाळ्या पडल्या.

नावाड्याचं काम तोरिकाच्या भावानं, विलिकेसानं केलं होतं. खांदे रुंद, आवाज खर्जातला, दिसायला अस्सल दर्यावर्दी. फक्त त्याला बोट लागायची. बांधलेल्या बोटीतही लागायची. पहिल्या भागाच्या शेवटी नावाडी समुद्रातून परत येतो, त्या प्रसंगाला हा धक्क्यामागे ओकत बसला होता, आणि त्याची गवती टोपी घालून बोट कुणी भलत्यानंच चालवली होती. हे सगळ्या नाबुकाला माहीत होतं. त्यामुळे न पाहिलेल्या लोकांतून लगेच आवाज आला, "विली, आज जेवून आलास का?"

मास्तरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. मग पहिला फ्लॅशबॅक आला. तोरिका अंगणात बसून नारळ खवतेय, केस मागे सारायला हात मोकळा नाही म्हणून मनगटानं सारतेय.

वर्गात कुजबुज झाली. दुसरा फ्लॅशबॅक आला. तोरिका बादली घेऊन चाललीय, पाणी हिंदकळतंय, ती कुणाला तरी हसत काहीतरी सुनावतेय. कुजबुज वाढली. तिसऱ्याला पोस्टाचा कारकून उभा राहिला.

"मास्तर, हे पहिल्यात नव्हतं!"

"तुम्ही पहिला पाहिला नाहीये ना?"

"नाही पाहिला. पण हे नव्हतं त्यात."

"बादली कुठे होती?" माकेरेताबाई म्हणाल्या. "अख्ख्या सिनेमात बादली नाही. ती धक्क्यावर जाते तेव्हा हातात टोपली असते. मी सांगते ना, टोपलीच. माझीच होती."

"मग हा फ्लॅशबॅक कशाचा? झालंच नाही ते आठवतंय कसं याला?"

वर्गात रणधुमाळी माजली. न पाहिलेल्या माणसांनी पहिला भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकमेकांना म्हणून दाखवला, कुठे बादली बसते का ते पाहायला. बसली नाही. शेवटी एकमत झालं, की मास्तर सिनेमा विसरले.

"कलावंताला थोडं स्वातंत्र्य असतं," मास्तर म्हणाले आणि प्रोजेक्टर बंद केला.

खरी गोष्ट मास्तरांना माहीत होती. फ्लॅशबॅकमधलं एकही दृश्य पहिल्या भागातलं नव्हतं. ती सगळी उरलेल्या कॅसेटींवरची दृश्यं होती. कॅमेरा नवा होता तेव्हा प्रकाश बघायचा, आवाज बघायचा, म्हणून घरात उगीच घेतलेली. पहिल्या भागातून दृश्यं काढायची तर पहिला भाग बघावा लागला असता. तो मास्तरांनी बघितला नव्हता.

हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगायला हवं. पहिल्या भागाची कापाकापी सुवाच्या एका स्टुडिओत झाली तेव्हा शाळेत परीक्षा होत्या, तोरिकाच जाऊन शेजारी बसली होती. पुढे दरवेळी सिनेमा लागला की मास्तर बाहेर जनरेटरजवळ, कारण त्या जनरेटरला दमा होता आणि तो मास्तरांशिवाय कुणाचं ऐकत नसे. भिंतीपलीकडून हशा ऐकू आला की कुठलं दृश्य चाललंय ते त्यांना कळायचं. बघू पुढच्या वेळी, असं म्हणत वर्षं गेली. मग तोरिका गेली, आणि मास्तरांनी जनरेटरजवळचा स्टूल अधिकच घट्ट धरला. लोकांना ती पाहू द्यावी. आपल्याला वायर बघायची आहे.

प्रयोगाचा दुसरा प्रयत्न त्यांनी थेट धक्क्यावर केला. बोटीची वाट बघणारी परकी माणसं, गोदामाची अंधारी खोली, याहून चांगला नमुना कुठे मिळणार? बोट नेहमी उशिरा येते, हे गृहीतच होतं. त्या दिवशी ती वेळेवर आली. नावाड्याच्या पायात काटा रुतायला आणि भोंगा वाजायला एकच गाठ पडली. सगळा नमुना पिशव्या, कोंबड्या आणि पोरंबाळं उचलून पळाला. एक बाई तेवढी दारातून ओरडली, "त्याची बायको सापडेल ना हो त्याला?"

"इंजिन!" मास्तर मागून ओरडले. "तो इंजिन शोधतोय!"

पण बोट सुटली होती.

"दाजी," विलिकेसा त्या संध्याकाळी म्हणाला, "एक जागा आहे जिथे कुणीच पाहिला नाही. तुम्हालाही माहितेय. घाबरता म्हणून तुम्ही बोलत नाही."

जागा म्हणजे नुकुलोआ. खाडीपलीकडच्या बेटावरचं गाव. नाबुका आणि नुकुलोआ एकमेकांचे तौवू. म्हणजे दोन्ही गावांचा मूळ देव एक, आणि म्हणून दोघांनाही एकमेकांची हवी तेवढी टिंगल करायची मोकळीक. तौवूच्या घरी जावं, त्याला गाढव म्हणावं, त्याची आवडती वस्तू उचलून न्यावी, आणि त्यानं हसत राहावं. जो चिडला तो हरला. पहिला भाग निघाला तेव्हा नाबुकानं त्यांना बोलावलं, पण सगळ्यांना बोलावून झाल्यावर. नुकुलोआनं उलट निरोप धाडला होता, 'तुमचा सिनेमा आम्ही पाहणार नाही. सेतारेकी स्वतः यंगोना घेऊन दारात येईल, तेव्हा बघू.' यंगोना म्हणजे पेयाची मुळं, पाहुण्यानं मान द्यायला किंवा माफी मागायला पुढे ठेवायची. थट्टाच होती. पण तौवूंमधली थट्टा मोडता येत नाही. एखादा करार लोक विसरतील, ही विसरत नाहीत. एवढी वर्षं नुकुलोआतल्या एकाही माणसानं, अगदी नाबुकात लग्नाला आल्यावरसुद्धा, तो सिनेमा पाहिला नव्हता. चादर लागली की ते पाठ करून बसत.

शास्त्राच्या दृष्टीनं इतका शुद्ध नमुना जगात दुसरीकडे नसेल.

आता शाळेचा प्रोजेक्टर गावाबाहेर न्यायचा होता. हेडमास्तर म्हणाले, वरून परवानगी हवी. वरच्या कचेरीनं विचारलं, कशासाठी? मास्तरांनी सांगितलं, शास्त्रीय प्रयोग. कचेरी म्हणाली, कोणत्या धड्याचा? मास्तरांनी फार विचार करून 'स्मृती' असं सांगितलं. तो धडा जीवशास्त्रात येतो आणि प्रोजेक्टर पदार्थविज्ञानाच्या नावावर आहे, असं उत्तर आलं. शेवटी प्रोजेक्टर न्यायला हरकत नाही, पण पडदा व्हॉलीबॉलच्या सामानात धरलेला असल्यामुळे तो खेळाशिवाय हलणार नाही, असा निवाडा झाला. मास्तर पडद्याशिवाय निघाले. पिशवीत माकेरेताबाईंनी उकडलेला कसावा, माशाचा डबा आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घातलं.

"हे काय?"

"पहिला भाग. लोक मागतील."

"कुणी मागणार नाही. मागू नये हाच प्रयोग आहे."

"बरं, मग कसावा खा," माकेरेताबाई म्हणाल्या.

विलिकेसा नायक या नात्यानं बोटीत बसला आणि खाडीच्या मध्यावर पोचेपर्यंत नायक राहिला नाही.

नुकुलोआत पाय ठेवताच मास्तरांनी सरपंचाच्या घरी यंगोनाच्या मुळांची जुडी ठेवली, मान खाली घालून, रीतसर, यायला उशीर झाला म्हणून माफी मागितली. सरपंचानं जुडीला हात लावला, टाळ्या वाजवून ती स्वीकारली, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "उशीर कसला? तुमच्या गावाला अक्कल यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला."

मग सुटलेच सगळे. एकीनं मास्तरांचा फुलाफुलांचा शर्ट चाचपला, "हा माझ्या नवऱ्याला बसेल," आणि काढून नेला. एकानं घड्याळ घेतलं, "नाबुकावाल्यांना वेळ कशाला हवी?" विलिकेसाच्या चपला गेल्या. मास्तर कमरेची सुलू, म्हणजे लुंगी, आणि बनियन एवढ्यावर उरले आणि हसत राहिले, कारण हसण्यावाचून इलाज नव्हता. वर्गात ज्यांच्या नुसत्या खोकण्यानं पोरं गप्प होत, ते हेच.

दुपारी सभागृहाच्या खिडक्यांवर चटया टांगून अंधार केला. कुणाची तरी लग्नातली चादर भिंतीवर आली. पुढे, चादरीला नाक लावून, असेनाथा आजी बसली. गावातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात वाईट जिभेची. तिला तशी मुभाच होती.

सिनेमा चालला. टिंगल अखंड. विलिकेसाच्या चालण्याला, बोलण्याला, रडण्याला वेगवेगळ्या प्राण्यांची नावं मिळाली. फक्त तोरिका आली की सभागृह शांत होई. नारळ खवताना शांत. बादलीला शांत. कॅमेरा धरलेल्या मास्तरांच्या मानेवरचा डास मारायला ती कॅमेऱ्याकडे हात उगारून येते आणि चित्र हलून आभाळ दिसतं, तिथे तर कुणाचं पोर रडत होतं तेही थांबलं. मास्तर मागे प्रोजेक्टरजवळ उभे राहून हे टिपून घेत होते. गोंधळाचं लक्षण म्हणून शांतता मोजावी की समजल्याचं, हे त्यांना ठरवता येईना.

दिवे लागले. मास्तरांनी घसा साफ केला. "आता मी प्रश्न विचारणार. खरं सांगायचं. मधे मधे जी बाई येत होती ती कोण, कळलं का?"

"बायको," सगळे म्हणाले.

"ते प्रसंग आत्ता घडत होते की आधी घडलेले?"

"आधीचे," सगळे म्हणाले. "एवढंही कळत नाही का? आम्ही काय नाबुकाचे?"

मास्तरांचा चेहरा उजळला. "छान. आता ती बाई कुठे आहे?"

"गेली," असेनाथा आजी म्हणाली.

मास्तर थबकले. सिनेमात तसं कुठेच म्हटलेलं नव्हतं. सिनेमात ती माहेरी गेली होती. "कशावरून?"

"माहेरी गेलेल्या बाईकडे असं कोण बघतं? माहेरी गेलेली परत येते, बाबा."

मास्तर पुढच्या प्रश्नावर घाईघाईनं गेले. "बरं. इंजिन कुणी चोरलं?"

सगळ्यांनी सरपंचाकडे बघितलं.

"कसलं इंजिन?" सरपंच म्हणाला.

"बोटीचं इंजिन! तासभर तेच चाललंय! नावाडी काय शोधतोय?"

"बायको," पुन्हा सगळे म्हणाले. मग सरपंचानं जरा अजिजीनं विचारलं, "सेतारेकी, राग मानू नकोस. बाई कळली. तो नारळ कळला, बादली कळली. पण मधे मधे ते जाडजूड गृहस्थ धावत यायचे ते कोण? फार गोंधळ व्हायचा त्यांनी."

कोपऱ्यात, अजून पिवळा असलेला विलिकेसा म्हणाला, "मी नायक आहे."

हशा इतका मोठा झाला, की खिडकीवरची एक चटई खाली आली.

मास्तर प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागले. प्रयोग यशस्वी झाला होता, निष्कर्ष स्वच्छ होता, आणि त्या निष्कर्षानं सिनेमाच शिल्लक ठेवला नव्हता. फ्लॅशबॅकनं नवा माणूस गोंधळत नाही. उरलेल्या सगळ्यानं गोंधळतो. बिसेसरला सांगायचं काय? लाव, पण इंजिन काढून? मग राहतं ते दहा मिनिटांचं अंगण.

"पहिला कुठे आहे?" असेनाथा आजीनं विचारलं.

"आणला नाही."

तौवूची पिशवी उघडायला परवानगी लागत नाही. कसावाखालून कागदाची गुंडाळी निघाली. मास्तर म्हणाले, "जनरेटर तापलाय, मला बाहेर बसावं लागेल."

"आमचा जनरेटर आहे, आम्ही बसू," सरपंचाचा भाऊ म्हणाला आणि गेला.

"वायर सैल आहे. उभं राहून धरावी लागते."

"विली धरेल. नायक आहे तो."

"मी पाहिलाय," मास्तर म्हणाले. खोटं बोलताना त्यांच्या कानाच्या पाळ्या हलत. तोरिकाला ते माहीत होतं. नुकुलोआला माहीत असायचं कारण नव्हतं. पण असेनाथा आजीनं त्यांच्या बनियनला धरून खाली ओढलं, अगदी आपल्या शेजारी, आणि म्हणाली, "खाली बस रे. तुझं डोकं आडवं येतंय."

चटई पुन्हा वर टांगली गेली.

सिनेमा साधा होता. नावाडी जातो, बायको थांबते, घर चालवते, रोज धक्क्यावर येऊन बघते. मास्तरांना पुढचं सगळं पाठ होतं, स्वतःच लिहिलेलं. तरी पुढे काय होईल याची त्यांना धाकधूक लागली. तोरिका हसली, आणि भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकलेला हशा त्यांना आता जागच्या जागी भेटला. असं आहे होय हे. माकेरेताबाईंची टोपली खरंच होती. बिसेसरच्या हॉलमध्ये बोटीची वाट बघणारी माणसं येतात, त्यांना बोटीची वाट बघणारी बाई दाखवायची, इतकी साधी गोष्ट होती. मधे इंजिन आणायचं कारणच नव्हतं.

मग शेवटचा प्रसंग आला. त्या दिवशी कॅमेरा धक्क्यावर चित्रकलेच्या शिक्षकांनी धरला होता, तोरिकाच्या अगदी जवळ. समुद्रात लांबवर एक बोट, आत गवती टोपी घातलेला एक माणूस. त्या बोटीतून त्या दिवशी मास्तरांना धक्क्यावर फक्त एक पिवळा ठिपका दिसला होता. आता तो ठिपका भिंतभर झाला. तोरिकाचा चेहरा. लग्नातल्या चादरीवर तिचं नाक जरा सुरकुतलं होतं. ती डोळ्यांवर हात धरून बघत होती. ओठ हलवत होती, संवादात नव्हतं ते काहीतरी पुटपुटत होती. बोट पुढे येत नव्हती, ती टाचा उचलून उंच होत होती, पुन्हा टेकत होती, पुन्हा उंच. मग बोटीतला माणूस ओळखण्याइतका जवळ आला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मास्तरांनी लिहिलेलं नव्हतं.

चादर पांढरी झाली. कुणी दिवा लावला नाही.

असेनाथा आजी वळली. मास्तरांचाच आवाज काढून तिनं विचारलं, "हं, आता मी प्रश्न विचारणार. खरं सांगायचं. ही बाई कुणाची वाट बघतेय?"

मास्तरांनी चादरीकडे बघितलं. "बोटीत मी होतो," ते म्हणाले. "विलीला बोट लागली होती. टोपी फक्त त्याची."

एवढ्या पिढ्यांत नुकुलोआनं नाबुकासमोर तोंड मिटून बसायची ही बहुधा पहिलीच वेळ असावी. आजीनं हात लांबवला, मास्तरांच्या मानेवर एक चापट मारली, डास मारावा तशी, आणि म्हणाली,

"मग एवढी हळू का चालवत होतास रे बोट, गाढवा?"